फिलोमिनाच्या अकरा पाट्या

मी चाळीस दिवसांची होते तेव्हा अख्ख्या पाचूबंदरातून माझी वरात निघाली होती. मला त्यातलं काहीच आठवत नाही, पण आमच्या घरात तसं म्हणायची सोय नव्हती. आई सांगायची, बाप सांगायचा, आजी सांगायची, आणि तिघांचं एकमेकांत कधी पटायचं नाही. पंचाहत्तर वर्षं ऐकून ऐकून मी आता त्या गोष्टीची मालकीण झाले आहे. ती तिघंही आता वर गेली, तेव्हा मध्ये तोंड घालायला कुणी नाही. मी सांगते.

आधी पाट्यांचं सांगायला हवं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही चाल सगळीकडेच आहे. आमच्या बंदरात तिला एक शेपूट होतं. चाळीस दिवस झाले की बाळबाळंतीण सासरी निघायची, आणि माहेरानं जे काही द्यायचं ते पाट्यांत भरून, माहेरच्या बायांनी डोक्यावर घेऊन, भर दिवसा गल्लीतून न्यायचं. तांदूळ, तूप, डिंक, गोधड्या, दुपटी, पाळणा, सगळं उघडं. झाकायचं नाही. ओट्याओट्यांवर बाया बसलेल्या असायच्या आणि तोंडानं कौतुक करता करता पाट्या मोजायच्या. सात म्हणजे चांगलं घर. पाच म्हणजे भागलं. तीन म्हणजे बिचारी. एकीच्या माहेरून दोनच आल्या होत्या, तर तिला पुढं वीस वर्षं 'दोन पाटीवाली' म्हणत. तिचं खरं नाव बंदर विसरूनच गेलं होतं. चर्चमधल्या मिस्सेला आमच्याइतकी गर्दी करणारं दुसरं गाव नसेल, पण देवळातून बाहेर पडलं की जिभेला लगाम नाही.

माझी आई फिलोमिना. तिची आई ती सहा वर्षांची असताना तापानं गेली. बहीण नाही, मावशी नाही, आत्या नाही. माहेर म्हणायला एकच माणूस, तिचा बाप सिप्रियन, आणि तेही तिच्या सासरापासून तीन गल्ल्या पलीकडे, एका खोलीचं घर. आजोबांकडे मालमत्ता म्हणून एकच वस्तू होती, डोल जाळं. समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधायचं, घराएवढ्या तोंडाचं आणि शेपटाकडे निमुळतं होत गेलेलं हे जाळं असतं. भरतीच्या ओढीबरोबर मासा आपल्या पायांनी आत शिरतो. आजोबांनी ते स्वतःच्या हातांनी दोन पावसाळे बसून विणलं होतं. होडी त्यांची नव्हती, ती फेबियनची. पण आमच्यात मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा, राबणाऱ्या प्रत्येक माणसाचा वेगळा. आजोबांना जाळ्याचा मिळायचा आणि स्वतःच्या हातांचा. जाळं नसतं तर नुसते हात उरले असते, आणि साठीच्या हातांना होडीवर कोण घेतो?

एकोणीसशे पन्नास सालच्या इस्टरनंतर आईला दिवस गेल्याचं नक्की झालं. माझी आजी मार्था, म्हणजे आईची सासू, खूश झाली. तिनं त्या दिवशी पापलेट केलं, स्वतः आईच्या ताटात मोठा तुकडा वाढला, आणि भरतीची वेळ सांगावी तितक्या सहज म्हणाली, "माज्या बापानं नऊ पाट्या धाडलेल्या. तुज्या बापाला म्हनावं, सात तरी कर. अँथनी आमचा थोरला हाय."

अँथनी म्हणजे माझा बाप. तो खाली मान घालून काटे काढत होता. आयुष्यभर आई आणि बायको बोलायला लागल्या की याला काटे सापडायचे.

आई संध्याकाळी माहेरी गेली तर बातमी तिच्याआधी पोचलेली. आजोबा ओट्यावर जाळ्याचा फाटका भाग सांधत बसले होते.

"फेबियनला सांगितलं मी," ते म्हणाले. "त्याला कवापासनं जाळं पायजे. नाताळाच्या आधी घेऊन जाईल. तुज्या सात पाट्या निगतील त्याच्यात."

"आनि तू काय करशील?"

"हात हायेत ना."

"हायेत. ते कोन घेतो?"

आजोबा सांधतच राहिले. आईला रडू आलं आणि रागही आला, आणि तिच्या बाबतीत या दोन गोष्टी एकत्र आल्या की समोरच्याचं खरं नव्हतं. तिनं त्यांच्या हातातली विणायची सुई काढून घेतली आणि घरभर नजर फिरवली. कोपऱ्यात, माळ्यावर, खाटेखाली वाळल्या बोंबलांच्या थप्प्या होत्या. दर मे महिन्यात व्यापारी यायचा आणि तो सगळा माल पोत्याच्या भावानं उचलून न्यायचा. घरात विकायला बाई नाही, मग भाव करणार कोण? आमच्यात म्हणतातच, म्हावरं बाप्या धरतो, पण पैसा बाई धरते.

"यंदा यापाऱ्याला एक बोंबील द्यायचा नाय," आई म्हणाली. "मी विकीन. म्हावरं तुजं, जाळं तुजं, मंग त्याच्यातनं येईल ते माहेरचंच झालं. तुज्या जाळ्यानंच पाट्या भरू, ते विकायचं कशाला?"

"आनि नाय भरल्या तर?"

"तर वीक. पन आदी नाय."

तसं ठरलं. फेबियनला निरोप गेला की बाळ होईपर्यंत थांब. फेबियन भला माणूस, थांबतो म्हणाला. मात्र येता जाता जाळ्याकडे बघायचं त्यानं सोडलं नाही.

आता विकायचं कुठं? जवळची गावं वाटलेली होती. उमेळं एकीचं, सोपारा दुसरीचा. एकीच्या गावात दुसरीनं पाटी उतरवायची नाही, हा आमचा कायदा, आणि तो मोडणारीच्या झिंज्या जागेवर राहत नसत. उरलं लांबचं. विरारच्या पूर्वेला, फुलपाडा ओलांडून डोंगराच्या अंगाला चालत राहिलं की चांदीप. तिकडे भाताची शेती. पावसाळ्याचे चार महिने घरात सुकी मासळी हवी म्हणून मे महिन्यात लोक वाट बघतात, पण तेव्हा कणग्या रिकाम्या असतात. म्हणून मासळी आत्ता घ्यायची आणि भात दिवाळीनंतर, मळणी झाली की द्यायचं. कागद नाही, अंगठा नाही, नुसता शब्द. कोळीण पुन्हा जाते आणि घराघरातून भात गोळा करते. इतक्या लांब कुणी जात नसे, कारण शब्द गोळा करायला तेवढंच पुन्हा चालावं लागतं.

पोटुशी सून डोक्यावर पाटी घेऊन चांदीपला जाणार म्हटल्यावर मार्थाआजी दारात आडवी उभी राहिली.

"पोटात पोर हाय आनि वझं उचलतेस?"

"आई, पाटी डोक्यावर असते, पोटावर नाय."

आजीला हसायचं नव्हतं, पण आलं. वाट मोकळी झाली.

चांदीपात पहिल्याच घरात बायजा भेटली. काळी, उंच, कमरेवर हात ठेवून उभी राहणारी बाई. तिचं घर गावच्या तोंडाशी, आणि ती ज्या कोळणीकडून घेईल तिच्याकडूनच सगळा पाडा घ्यायचा. तिनं एक बोंबील उचलला, मोडला, वास घेतला.

"हा बोंबील का खराटा?"

"मावशी, खराट्याला असा वास आला असता तर तुमचं आंगन मांजरांनीच झाडलं असतं."

बायजानं तिच्याकडे नीट बघितलं. मग पडवीत बसवलं, पाणी दिलं. आईनं पाणी पिऊन आढ्याकडे बघितलं. तिथं चिंचेचे गोळे बांधून ठेवले होते. तिनं मागितलं काही नाही, पण नजर काही हलेना. बायजा उठली, एक गोळा तोडून तिच्या हातात दिला.

"कितवा?"

"तिसरा."

"आनि आईनं असं उन्हातानात धाडलं तुला?"

"आई नाय मला."

बायजानं आणखी एक चिंचेचा गोळा तोडून तिच्या पाटीत टाकला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बोल. एका पाटीचं भात किती घेशील?"

इथं माझ्या आईनं जे केलं ते तिनं आधी ठरवलेलं नव्हतं, असं ती शपथेवर सांगायची. तिला एकदम दिसलं, की भात घ्यायचं, ते विकायचं, त्या पैशाचं तूप आणायचं, डिंक आणायचा, दर वेळी कुणीतरी मध्ये खाणार. आणि इथं गोठ्यात म्हैस रवंथ करत होती, डोंगरात डिंक होता, अंगणात म्हातारा बांबूच्या कामट्या सोलत बसला होता.

"भात नको मावशी," ती म्हणाली. "मला बाळंतपन द्या."

बायजा एवढी हसली की शेजारच्या दोघी काय झालं बघायला आल्या. मग त्याही बसल्या. आणि त्या पडवीत माझं बाळंतपण वाटलं गेलं. कुणी तूप देणार, कुणी नवे तांदूळ, कुणी कुळीथ. एकीचा हात गोधडीला चांगला होता, तिनं तीन गोधड्या कबूल केल्या आणि मोठे बोंबील निवडून घेतले. दुसरीचा भाऊ डोंगरातून डिंक आणि मध आणायचा. कामट्या सोलणारा म्हातारा पाळणा विणीन म्हणाला, बदल्यात त्याला फक्त सुकट हवी होती, त्याला दात नव्हते. आई पाच खेपा गेली. दर खेपेला बायजा दुरूनच ओरडायची, "आली गं फुलमिना!" फिलोमिना तिच्या जिभेवर कधी बसलं नाही आणि आईनं बसवायचा प्रयत्नही केला नाही.

पाचव्या खेपेनंतर आजोबांच्या घरात बोंबील संपले, आणि बदल्यात घरात काहीही आलेलं नव्हतं. आजोबा रिकाम्या माळ्याकडे बघून म्हणाले, "यापारी कमी देत होता, पन हातात देत होता."

मग पाऊस लागला, होड्या वर ओढल्या गेल्या. सातव्या महिन्यात आई माहेरी राहायला आली. जुनी लुगडी धुऊन तिनं दुपटी शिवली. रोज संध्याकाळी ती हिशोब करायची की मी नोव्हेंबरच्या मध्यावर येणार, तोवर कापणी उरकेल, मळणी सुरू होईल, त्याआधी आपण एकदा चांदीपला जाऊन सगळ्यांना सांगून येऊ.

माझा मात्र असा काही विचार नव्हता. मी पंधरा दिवस आधीच आले. दोन नोव्हेंबरला, म्हणजे मेलेल्यांच्या सणाला. अख्खं बंदर स्मशानात कबरींवर मेणबत्त्या लावत होतं आणि आई घरात एकटी. आजोबा धावत गेले आणि सुईणीला तिच्या नवऱ्याच्या कबरीवरून उठवून घेऊन आले. ती सुईण मला मोठेपणीसुद्धा भेटली की म्हणायची, "तुज्यापायी माजा नवरा अंधारात राहिला." तिला एक लुगडं, नारळ आणि चार दिवसांची मासळी दिली, तेवढ्यावर ती राजी होती. आजोबा रोज कुठून तरी ताजी मुशी आणायचे. मुशीच्या कालवणानं दूध उतरतं, आणि आईला ते इतकं उतरलं की शेजारच्या पोरालाही पुरलं. आठव्या दिवशी माझा बाप्तिस्मा झाला, रोझलीन नाव पडलं.

सगळं छान होतं. फक्त माळा रिकामा होता. आणि चांदीपला जाऊन शब्द गोळा करणारी एकच बाई, ती खाटेवर होती. चाळीस दिवस तिनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं.

विसाव्या दिवशी माझा बाप म्हणाला, "मी जातो." आईनं त्याला घरं सांगितली, खुणा सांगितल्या. तो मोठ्या ऐटीत गेला आणि दुसऱ्या दिवशी हात हलवत परत आला.

"बायजा म्हातारी म्हनली, आमी शब्द बाईला दिला. तू कोन? मी म्हनलं, मी नवरा. तर म्हनली, मंग तर तुज्या हातात कायच देनार नाय."

"आनि?"

"आनि काय? बसवलं, भाकरी घातली. पोरगी का पोरगा, बाळंतीन जेवते का, कितवा दिवस, सासरी कवा निगनार, पाट्यांची काय चाल हाय, सतरा चौकश्या. दिला मात्र एक दाना नाय."

आजोबांनी एवढंच ऐकलं की दिलं नाही. ते उठले, ओट्यावरचं जाळं ओढत ओढत अंगणात पसरलं आणि फाटलंतुटलं सांधायला लागले. विकायचं तर चांगलं करून द्यायला हवं, अशी त्यांची रीत. आई खाटेवरून बघत होती. त्या दिवशी ती खूप रडली. हे ती स्वतः सांगायची नाही, मार्थाआजी सांगायची, कारण नातीला बघायला ती नेमकी तेव्हा आली होती. सुनेला रडताना बघून तिला वाटलं दूध कमी पडतंय, आणि ती बाजारात मुशी शोधायला गेली.

"चाळिसाव्या दिवसापर्यंत थांब," आई बापाला म्हणाली. "पाट्या त्या दिवशी निगतात. त्याच्या आदी नाय विकायचं."

आजोबा थांबले. ठरलं असं, की चाळिसाव्या दिवशी सकाळी फेबियन पैसे आणील, जाळं नेईल, आजोबा बाजारातून सामान आणतील आणि दुपारी आम्हाला पाठवतील. आणि त्याच आठवड्यात आईच्या लक्षात आलं की एक गोष्ट तिच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. सात महिने ती पाटीत काय भरायचं याचाच विचार करत होती. पाटी उचलायची कुणी? माहेरच्या बाया उचलतात. तिच्या माहेरात बाईच नव्हती.

बारा डिसेंबर, मंगळवार. फेबियन आपल्या गड्याला घेऊन आला. नोटा मोजलेल्या होत्या, रुमालात बांधलेल्या. आजोबांनी त्या हातात घेतल्या नाहीत, नुसतं "आदी उचल" म्हणाले. डोल जाळं एकट्याला उचलत नाही. एक टोक फेबियननं खांद्यावर घेतलं, दुसरं गड्यानं. आजोबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आई दारात मला घेऊन उभी होती, आणि मी, असं सगळे म्हणतात, गळा काढून रडत होते.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. पाचूबंदरात बैलगाडी म्हणजे बर्फाची नाहीतर मिठाची, आणि त्या बैलांना घुंगरं नसतात. दोन गाड्या होत्या. पुढच्या गाडीतून एक उंच काळी बाई उतरली, कमरेवर हात ठेवले आणि अख्ख्या बंदराला ऐकू जाईल असं ओरडली, "फुलमिनाचं घर कुटलं?"

मागून एकेक करत बाया उतरल्या. तिच्यासकट दहा जणी. आदल्या दिवशी निघून रात्री सोपाऱ्याच्या तळ्याकाठी मुक्काम करून आल्या होत्या. सगळ्यांनी नवी लुगडी नेसलेली, केसांत झेंडू. आणि गाड्यांत पाट्या.

आई मला घेऊन पुढं आली. पण तिच्या तोंडून निघालं ते गाऱ्हाणंच. "मावशी, तुमी त्याच्या हाती कायच दिलं नाय..."

"जावयाच्या हाती देतात व्हय?" बायजा खवळली. "माहेरचं सामान जावई डोक्यावर घेऊन आला असता तर लोकांनी शेण घातलं असतं आमच्या तोंडात. तुमची चाल तोच सांगून गेला ना, पाटी माहेरच्या बाया नेतात म्हनून? मंग आलो." एवढं बोलून तिनं मला हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "बोंबील बरे लागले पोरीला."

आजोबा भिंतीकडून वळले. त्यांनी पाट्या बघितल्या, बाया बघितल्या, आणि मग फेबियनकडे गेले.

"खाली ठेव," ते म्हणाले.

फेबियननं जाळं खाली ठेवलं. रुमाल परत खिशात घातला. त्याचंही डोकं गरगरलं असणार, कारण तो आईला म्हणाला, "एवढी बाळंतपनं बघितली, पन बैलगाडीतनं आलेलं नाय बघितलं."

पाट्या उतरवल्या. नव्या भाताचे तांदूळ तीन पाट्या. तुपाचे डबे. डिंक, खारीक, सुंठ. कुळीथ. हळद. तीन कबूल केलेल्या गोधड्यांच्या चार झालेल्या. मधाची बरणी. दात नसलेल्या म्हाताऱ्याचा पाळणा, त्याच्या काठाला त्यानं बांबूच्याच चिमण्या टांगल्या होत्या. अकरा पाट्या झाल्या. आणि बाया दहा.

बायजानं बोटावर मोजलं आणि इकडेतिकडे बघितलं. गल्लीत एव्हाना सगळं बंदर जमलं होतं, पण माहेरची पाटी परक्या बाईनं उचलायची नाही म्हणून सगळ्या हात बांधून उभ्या. तेव्हा गर्दीतून एक बाई पुढं आली. दोन पाटीवाली. पदर खोचून ती अकराव्या पाटीशी वाकली.

"हिला आई नाय," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "मला लेक नाय. मी माहेरची झाले तर कोनाच्या पोटात दुखतं?"

कुणाच्याच दुखलं नाही. आई तिच्याजवळ गेली, तिच्या डोक्यावर चुंबळ नीट ठेवली आणि म्हणाली, "चल, मार्गारेटबाय." वीस वर्षांनी गल्लीत कुणीतरी तिला नावानं हाक मारली होती. त्या दिवसापासून बंदराला तिचं नाव आठवलं ते आठवलंच.

आणि निघाली माझी वरात. पुढं बायजा, तिच्या डोक्यावर पाटीत पाळणा, चिमण्या हलताहेत. मागं ओळीनं नऊ जणी, मग मार्गारेट, मग मला घेऊन आई. सरळ तीन गल्ल्यांचा रस्ता, पण बायजानं विचारलं की लांबचा कुठला आहे, आणि त्या देवळाला वळसा घालून गेल्या. ओट्यावरच्या बाया मोजत होत्या. सातपर्यंत तोंडातल्या तोंडात, आठला मोठ्यानं, आणि दहाला म्हणे सगळी गल्लीच एका सुरात मोजत होती. आई सांगायची, "माजे पाय जमिनीला लागत नव्हते." माझी आई कधी गर्व करणारी नव्हती, पण तेवढ्या एका वाक्याला तिची मान दर वेळी वर व्हायची.

मार्थाआजी दारात उभी होती. चालीप्रमाणे दारातल्या बाईनं विचारायचं असतं. तिनं विचारलं, "कुटून आल्या?"

"हिच्या माहेरून," बायजा म्हणाली.

"हिचं माहेर तर तीन गल्ल्यांवर हाय."

"ते बापाचं," बायजा म्हणाली. "पाच खेपा मला मावशी म्हनत होती ही. मावशी कुटली असते? आमी आईकडच्या."

माझी आई भर रस्त्यात, सगळ्या बंदरासमोर, लहान पोरीसारखी रडली. मार्थाआजीनं पुढं होऊन बायजाच्या डोक्यावरचा पाळणा स्वतःच्या हातांनी उतरवला. मग हळूच, आईला ऐकू जाईल एवढंच बोलली, "माज्या नऊ पाट्यांत बापाची होडी गेलेली. मी कदी कोनाला सांगितलं नाय."

जेवण झालं. चांदीपच्या बायांनी भुजिंग, म्हणजे भाजलेल्या कोंबडीचे पोहे, खाल्लं, ताजी मासळी खाल्ली, गाणी म्हटली. उन्हं कलली तशा त्या पाट्या आवरायला लागल्या, आणि मार्थाआजी घाबरली. माहेरच्या पाट्या रिकाम्या परत धाडायच्या नाहीत. एकात एक घातलेल्या अकरा पाट्या भरायच्या कशानं? आणि तेवढ्यात आईच्या लक्षात आलं की जेवायला आजोबा आलेच नव्हते. तिला फार राग आला. सगळ्या बंदरानं तिची पाठवणी बघितली आणि बाप तेवढा लाजून घरी बसला!

ती अँथनीला हाक मारणार तोच किनाऱ्याकडून चौघं येताना दिसले. पुढं आजोबा, मागं फेबियन, त्याचा गडी आणि आणखी एक. कमरेपर्यंत भिजलेले. चौघांच्या मध्ये खांद्यांवरच्या बांबूंना टांगलेल्या दोन मोठ्या टोपल्या, आणि त्यांतून पाणी गळत होतं. अमावस्येचं उधाण होतं. सकाळच्या ओहोटीला त्यांनी जाळं लावलं होतं आणि दुपारची भरती त्यात ओतून घेतली होती.

"लेकीच्या पाठवनीला कुटं होतास?" आई ओरडली.

आजोबांनी टोपली उतरवली. बोंबील, कोळंबी, मांदेली, उड्या मारत होते अजून. त्यांनी बायजापुढच्या पाट्या एकेक करून सुट्या केल्या, अकरा, आणि ओळीनं मांडल्या.

"माहेरची मानसं," ते म्हणाले, "रिकामी धाडायची होती का? भर गं फिलू. मीठ जरा जास्त मार, लांब जायचंय."